खडूचं तेवढं राहिलं

सर, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी तुम्हाला आज पहिल्यांदा पत्र लिहितेय. तुम्ही होतात तेव्हा निगडीला होतात, आमच्या पिंपळे गुरवपासून स्कूटरवर अर्धा तास, आणि 'येते एकदा' असं मी तुम्हाला फोनवर तीनदा सांगितलं होतं. एकदाही आले नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेही वर्गातल्या एका मैत्रिणीच्या मेसेजवरून, तुमच्या दहाव्याच्या दिवशी. तेव्हा मी महाळुंग्याच्या कंपनीत एका मशीनखाली वाकून बॅटरी मारत होते. मेसेज वाचला, फोन खिशात ठेवला आणि हातातलं काम पुरं केलं. हे सांगितल्यावर तुम्ही रागावला नसता. 'काम पुरं केलंस ना? मग झालं,' म्हणाला असता आणि मिशीत हसला असता.

आज लिहायचं कारण असं की गेल्या महिन्यात आपल्या कॉलेजने मला बोलावलं होतं. मी आता क्वालिटी हेड झालेय, म्हणजे त्यांच्या भाषेत 'इंडस्ट्रीतली' बाई, आणि अभ्यासक्रम ठरवताना आमच्यासारख्यांना विचारायची आता पद्धत पडलीय. त्यांना तुमचे दोन तास काढायचे होते. आठवड्यातले ते दोन तास, ज्यांना वेळापत्रकात लांबलचक इंग्रजी नाव होतं आणि आम्ही ज्यांना 'गप्पांचा तास' म्हणायचो. त्या जागी कोडिंगचा आणखी एक कोर्स घालायचा होता. मला मत विचारलं. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की या बाबतीत मत द्यायचा मला पुरता हक्क नाही, कारण तुमच्या विषयात मला जे सगळ्यात जास्त मार्क मिळाले ते... पण ते शेवटी सांगते. तोवर थोडा धीर गोळा होऊ दे.

तुम्हाला कॉलेजने कधी स्वतःची वर्गखोली दिली नाही. जेवणानंतर ड्रॉइंग हॉल रिकामा असायचा, म्हणून तो तुमच्या वाट्याला. उतरती टेबलं, उंच स्टुलं, पेन ठेवलं की घरंगळून खाली. पटावर साठ मुलं, त्यातली निम्मी पळालेली आणि उरलेली पेंगणारी. तुम्ही येता, बुशशर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेले दोन खडू काढता आणि फळ्यावर एक ओळ लिहिता: 'ज्याने पाना कधी पाहिला नाही, त्याला पाना म्हणजे काय ते सांगा.' आम्ही हसतो. थर्मोडायनॅमिक्समध्ये गटांगळ्या खाणारे सुद्धा हसतात. मग लिहायला बसतो आणि अर्ध्या तासात घाम फुटतो. मागच्या स्टुलावरचा एक जण वैतागून म्हणतो, "सर, आम्ही इंजिनीअर होणार. आम्हाला हे कशाला?" तुम्ही खडू टेबलावर ठेवता, तो घरंगळतो, आणि खाली पडायच्या आत तुम्ही तो झेलता. "तुला आयुष्यभर पगार देणारे असतील ना, त्यांनी पाना पाहिलेला नसेल रे बाबा," तुम्ही म्हणता. "आणि ज्याच्या हातात पाना आहे तो तुझ्याशी बोलायला येणार नाही. त्याच्यापाशी तुलाच जावं लागेल." आम्हाला ते तेव्हा भाषणासारखं वाटलं होतं, आणि पुढचा तास कधी संपतो याकडे आमचं लक्ष होतं.

दुसऱ्या सहामाहीत तुम्ही ते काम दिलंत. कॉलेजात किंवा घरात, काम करणाऱ्या एका माणसापाशी तासभर बसायचं. घड्याळ लावून एक तास. त्याला त्याच्या कामाबद्दल बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं. मग ते त्याला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, 'काही राहिलं का?' बस्स, एवढंच. आम्हाला वाटलं, मार्क लुटायचा दिवस आला. मी कँटीनमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींना गाठलं, वीस मिनिटं बसले, मैत्रीण हाका मारत होती म्हणून उठले आणि घरी येऊन सुवाच्य अक्षरात दोन पानं लिहिली. 'कामाचे तास अधिक आहेत, तरी समाधान आहे असे त्यांचे म्हणणे आहे.' तुम्ही ती पानं मला हॉलमध्ये सगळ्यांदेखत परत दिलीत. आवाज चढवला नाहीत. "ह्यात मावशी कुठे आहेत?" तुम्ही विचारलंत. "तू त्यांना आंघोळ घालून, पावडर लावून, इस्त्रीचं पातळ नेसवून माझ्यासमोर उभं केलंस. मला त्या पोळ्या लाटताना हव्या होत्या. जा, वाचून दाखव त्यांना."

मी रडत गेले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. भाषेच्या मास्तराने इंजिनीअरिंगच्या मुलीला चारचौघांत बोलावं म्हणजे काय! परातीपाशी उभी राहून धडाधडा वाचलं. मावशींनी लाटणं खाली ठेवलं. "आगं बया, ह्ये मी कवा म्हनले? समादान-बिमादान?" आणि हसून हसून पदराने डोळे पुसले. मग तुमचा हुकूम होता म्हणून मी विचारलं, काही राहिलं का. "न्हाई गं, काय ऱ्हातंय," म्हणत त्या पिठाचे हात धुवायला उठल्या आणि नळापाशी गेल्यावर तिथूनच बोलल्या, "ती तुमची मशिनीची मोठी खोली हाय न्हवं, वर्कशाप, तितं आमचं जवारीचं वावर व्हतं. कालेज झालं तवा आमच्या मालकाला हितं शिपाई म्हून घ्येतलं आन् मला चुलीम्होरं. आमच्याच वावरात चाकरीला हाय आमी." त्या हसतच बोलल्या. ज्या वर्कशॉपमध्ये मी वर्षभर कानस घासत होते, त्याच्या फरशीखाली कुणाची ज्वारी होती, हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. मी पळत तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, "माणूस खरं काय ते उठताना सांगतो. पाहुणा बघ की आपल्याकडचा. तासभर चहा पितो, हवापाण्याचं बोलतो, आणि ज्यासाठी आला ते चपला घालताना काढतो. म्हणून चपला घालेपर्यंत थांबायचं." मी ते वहीत लिहून घेतलं आणि परीक्षा झाल्यावर विसरून गेले.

आता कंपनीतलं सांगते. आम्ही गाडीच्या सीटखाली बसणारे लोखंडी ब्रॅकेट करतो, तळहाताएवढे. एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. जुळी भावंडंच, फरक फक्त एका भोकाच्या जागेचा. वेल्डिंगसाठी ते ज्या लोखंडी साच्यात बसवतात त्याला फिक्स्चर म्हणतात, आणि डाव्याच्या फिक्स्चरमध्ये चुकून उजवा बसू नये म्हणून तिथे एक पिन असते. आमचा माल चाकणच्या एका गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या जोडणीच्या लाइनवर थेट जातो. यंदा उन्हाळ्यात एका सकाळी तिकडून फोन आला, की डाव्याच्या पेटीत उजवे निघालेत आणि लाइन थांबलीय. लाइन थांबणं म्हणजे आमच्या धंद्यात घरात साप निघण्यासारखं आहे. सगळे एकदम ओरडतात आणि काठी कुणाच्याच हातात नसते. संध्याकाळपर्यंत त्यांना कारण लेखी हवं होतं.

कारण शोधायची आमची एक पद्धत आहे, तुम्हाला ती आवडली असती. पाच वेळा 'का' विचारायचं. चुकीचा माल का गेला? चुकीचा जोडला म्हणून. चुकीचा का जोडला? असं खाली खाली मुळापर्यंत उतरायचं. कागदावर पाच चौकोन छापलेले असतात. पण इतक्या वर्षांत मी पाहिलंय सर, पाचवा 'का' फिरून फिरून सगळ्यात खालच्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसतो. 'ऑपरेटरचे दुर्लक्ष.' तिथे पोचलं की सगळ्यांना हायसं वाटतं, आणि ऑपरेटर कंत्राटी असला तर आणखीनच. त्याचा गेटपास काढून घ्यायचा, 'कारवाई केली' असं लिहायचं आणि जेवायला जायचं. अशा किती कागदांवर माझी सही असेल, देव जाणे. त्या दिवशीही सुपरवायझर दारात येऊन म्हणाला, "मॅडम, त्याचा जबाब नेहमीसारखाच टाइप करू ना?" मी कॉम्प्युटरमधून मान वर न काढता म्हटलं, "हो, कर."

तो ऑपरेटर जिंतूरकडचा, पन्नाशीचा, आमच्याकडे सहा वर्षांपासून. महाळुंग्यातच खोली घेऊन राहतो, मुलगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. गेटपास गेला की त्या वयात दुसऱ्या कंपनीच्या गेटवर कुणी उभं करत नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तो केबिनमध्ये आला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. सुपरवायझरने कागद पुढे सरकवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' अशी सुरुवात होती. त्याने पेन घेतलं आणि विचारलं, "कुठं करू सही, मॅडम?"

"वाचलंत का?" मी विचारलं. का विचारलं, कुणास ठाऊक. आजवर कुणालाच विचारलं नव्हतं.

"तुमीच लिवलंय म्हनल्यावर बरोबरच आसंल की."

सर, मला एकदम ती परात आठवली. तो सहज बोलला होता, त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते मला फार लागलं. मी कागद त्याच्या हाताखालून काढून घेतला आणि सुपरवायझरला सांगितलं, "प्लँटच्या साहेबांना म्हणावं, चारपर्यंत देते." "मॅडम, कस्टमर बोंबलतोय राव," तो म्हणाला. त्याला चहा पाठवायला सांगितलं आणि ऑपरेटरला ट्रेनिंग रूममध्ये घेऊन गेले. घड्याळ लावलं, फोन पालथा घातला. वही नव्हती, म्हणून जुन्या ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहायला बसले.

पहिली दहा मिनिटं तो हातातली टोपी नुसती फिरवत बसला. मला मध्ये बोलायची इतकी सवय झालीय, की गप्प बसताना जीभ दाताखाली धरावी लागली. मग हळूहळू सुटला. गावाकडचं एक, सकाळच्या पाण्याचं एक, मग कामाचं. "पिन झिजलीय मॅडम, दिवाळीपासून. आधी डावाच बसायचा, आता दोनीबी बसायलेत. दोनदा सांगितलं मी सुपरवायझरला. रजिस्टरात लिवलंबी त्यांनी. म्हनले, माल निघू द्या, मग बघू." मी त्याच्याच शब्दांत लिहीत गेले. खाली जाऊन बघितलं असतं तर पिन पाच मिनिटांत दिसली असती, पण सकाळपासून आम्ही सगळे कागद बघत होतो. तास झाला. मी सगळं वाचून दाखवलं. प्रत्येक ओळीला तो 'हाव' म्हणत गेला, आणि आपलं बोलणं आपल्यासारखंच ऐकू येतंय म्हटल्यावर जरा लाजलाही. मी विचारलं, "काही राहिलं का?"

"नाही मॅडम. सगळं आलं."

तो उठला. टोपी घातली. बुटाची नाडी सुटली होती ती वाकून बांधायला लागला. मी कागद गोळा करत होते, पण हात आपोआप सावकाश झाले. चपला घालेपर्यंत थांबायचं, असं कुणीतरी मला सांगितलं होतं.

"खडूचं तेवढं ऱ्हायलं," तो वाकलेलाच म्हणाला. "पर ते लिहू नका."

"कसला खडू?"

"पिन झिजल्यापासून मी डाव्यावर खडूची रेघ मारायलो होतो. माल आला की आधी सगळे डावे निवडून रेघ, मगच काम. रेघ नाही त्याला हातच लावायचा नाही. येवढ्या दिवसात एकबी चुकला नाही. मग ह्या ऑडिटच्या आधी म्हनले, पुसा. तवापासून रेघ बंद."

"कोण म्हणालं?"

तो नाडीची गाठ पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिला. "जाऊ द्या ना, मॅडम. तुमाला तरी काय म्हाईत."

आणि मला आठवलं. ऑडिटच्या आदल्या दिवशी मी यादी घेऊन लाइनवरून झपाझप चालले होते. फिक्स्चरवर पांढरी पूड दिसली. मी थांबलेसुद्धा नाही. "हे काय, शाळा आहे का? पुसा आधी," एवढं बोलून हसले, बरोबरचे चौघेही हसले, आणि आम्ही पुढे गेलो. मागे कुणीतरी बाहीने पुसत होतं. तोंड पाहिलं नव्हतं मी. शाळा आहे का, असं मी म्हटलं सर, मी, जिला आजवर जे काही उपयोगाचं कळलं ते खडू खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाकडून कळलं.

मी लगेच शूरपणा केला, असं तुम्हाला वाटू नये. तो गेल्यावर वीस मिनिटं मी त्या खोलीत बसून होते आणि मनात पक्का हिशेब चालला होता, की पिन सापडलीय, पिनेवर भागतंय, त्याची नोकरीही वाचतेय. खडूचं लिहू नका, असं तर तो स्वतःच म्हणाला होता. पण साहेब काय विचारणार हे मला माहीत होतं. पिन दिवाळीपासून झिजली होती तर इतके महिने माल बरोबर कसा गेला? नेमका आताच कसा चुकला? याचं उत्तर दिलं नाही तर ते पुन्हा त्याच्याच डोक्यावर बसणार होतं: 'आधी लक्ष होतं, आता दुर्लक्ष केलं.' खडूशिवाय तो सुटत नव्हता. मग मी तिसऱ्या चौकोनात पिन लिहिली, चौथ्यात खडू, आणि पाचव्यात लिहिलं: 'खडू का वापरतात हे न विचारता तो पुसायला लावला.' खाली स्वतःचं पद घातलं.

साहेबांनी चष्मा वर करून वाचलं. "मॅडम, असं कुणी लिहितं का? कस्टमरला काय सांगायचं, आमच्या क्वालिटी हेडने खडू पुसला?"

"हो."

"अहो, एका कंत्राटी माणसासाठी तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय."

"धोंडा माझाच आहे, सर," मी म्हटलं. कागद गेला. कस्टमरचा माणूस आला, त्याने नवी पिन हलवून बघितली, खडूबद्दल एक शब्द विचारला नाही आणि चहा पिऊन गेला. मला मेमो मिळाला, यंदाची बढती गेली. चार दिवस घरात मी सगळ्यांवर खेकसत होते. पण त्याचा गेटपास राहिला. तो अजून त्याच फिक्स्चरवर आहे, नवी पिन असूनही खडूची रेघ मारतो, आणि मी तिकडून जाताना थांबते. चाकणच्या स्टेशनरीच्या दुकानातून खडूचा डबा मीच आणून दिलाय. ऑडिटला त्याला काय नाव द्यायचं ते बघून घेऊ.

हे सगळं मी त्या बैठकीत सांगितलं. ड्रॉइंग हॉलचा आता कॉम्प्युटर हॉल झालाय, टेबलं सपाट आहेत, काहीच घरंगळत नाही. विभागप्रमुख माझ्याहून तरुण आहेत, हुशार आहेत, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मॅडम, कम्युनिकेशन स्किल." माझं डोकंच फिरलं. "स्किल नाही हो," मी म्हटलं. "बोलायला काय, यूट्यूबवरही शिकता येतं. यंत्राचं काय दुखतंय ते तुमच्या मुलांना कळेल, ती हुशार आहेत. समोरचा माणूस सांगत असताना गप्प कसं बसायचं, आपल्याला सगळं आधीच माहीत आहे हे विसरायचं कसं, हे कुणीतरी शिकवावं लागतं. मला दोन वर्षं शिकवलं तरी तीस वर्षांनी जेमतेम एकदा जमलं. तुम्ही ते दोन तासही काढलेत तर एकदाही जमणार नाही. वेल्डिंगची पिन झिजते ते गणितात येतं. लोक पिनेऐवजी खडू का घेतात आणि सांगत का नाहीत, ते गोष्टींत येतं, इतिहासात येतं, तुमच्याच वर्कशॉपच्या फरशीखाली येतं." वर्कशॉपचं कुणाला कळलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोनाचा एक तास झालाय सर. शून्य होणार होता तो एक झाला, एवढंच माझ्याच्याने झालं.

आता ते, जे शेवटी सांगते म्हणाले होते.

मावशींच्या नंतर तुम्ही पुन्हा तेच काम दिलंत, या वेळी घरातल्या माणसाचं. मी दादांचं लिहिलं, माझ्या वडिलांचं. माणदेशातून येऊन पिंपरीतल्या एका कंपनीत लेथ मशीनवर अख्खी नोकरी काढलेला माणूस. सात पानं. तुम्हाला ती इतकी आवडली, की हॉलमध्ये वाचून दाखवलीत, आणि पुढच्या तीन बॅचनाही दाखवलीत असं मला कळलं. पंचवीसपैकी चोवीस मार्क. सर, त्यातला एक शब्दही दादांचा नव्हता. त्यांची दुसरी शिफ्ट होती, वेळ जमला नाही, असं मी स्वतःला सांगितलं. रविवार होता की. खरं म्हणजे मला वाटलं होतं, यांचं मला सगळं माहीत आहे, आणि बोलायला बसले तर लिहिण्यासारखं काही निघायचं नाही. मग मावशींकडून कान तयार झालाच होता, तुमच्याकडून युक्त्या कळल्याच होत्या. जागोजागी 'न्हाय' आणि 'व्हतं' पेरलं, लेथवर त्यांचं केवढं प्रेम ते लिहिलं, आणि शेवटी उठता उठता सांगितलेलं एक वाक्यही रचून घातलं. तुम्ही शिकवलेलं सगळं वापरून मी तुम्हालाच फसवलं. तुम्ही शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिलंत, 'वडिलांना वाचून दाखव.' मी दाखवलं नाही. तुम्हाला कळलं होतं का, सर? तो एक मार्क नक्की कशाचा कापलात?

बैठकीहून आल्यावर मी माळ्यावरून त्या सात पानांची वही काढली. दादा आता भावाकडे असतात, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. पंधरा दिवसांपूर्वी रविवारी सकाळी गेले आणि त्यांना सातही पानं वाचून दाखवली. ते पलंगावर पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "झकास लिवलंयस गं. पण ह्यो माणूस कोण?"

"तुम्ही, दादा."

त्यांना हसू आवरेना. "म्या? आगं मला लेथ कवा आवडलाच न्हाय. मला डायवर व्हायचं व्हतं. ट्रकचा. लायसन काढलं व्हतं की. तुझी आई म्हनली, घरी येत जावा सांजचं, म्हून ऱ्हायलो." पन्नास वर्षांची मी होत आले, सर, आणि माझ्या वडिलांकडे ट्रकचं लायसन्स होतं हे मला माहीत नव्हतं. मी वही उलटी केली, मागच्या कोऱ्या पानावर तारीख घातली, घड्याळ लावलं. ते बोलत होते, खंबाटकीच्या घाटाचं, एका पंजाबी ड्रायव्हरचं, आईचं. मी लिहीत होते आणि मला फार बरं वाटत होतं. तुम्ही तिथे कुठेतरी उंच स्टुलावर बसला आहात असंही वाटलं.

हे पत्र मी कुठे टाकणार आहे! तुमचं निगडीचं घरही विकलं गेलंय म्हणे. घडी घालून त्याच वहीत ठेवेन. पण आता खोटं लिहायचं नाही म्हटल्यावर एवढं लिहायलाच हवं. तो तास मी पुरा केला नाही. चाळीस मिनिटं झाली आणि कंपनीचा फोन आला. बोलत बोलतच मी उठले आणि दाराशी चपला घातल्या. चपला माझ्या पायात होत्या. दादा काठी टेकत मागून आले आणि म्हणाले, "आगं, एक ऱ्हायलंच..." आणि मी फोन कानाला धरून त्यांना हातानेच 'नंतर' म्हणून खूण केली. ते 'बरं' म्हणाले. त्याला पंधरा दिवस झाले. आज रविवार आहे, ते दोन गल्ल्यांपलीकडे आहेत, आणि सकाळपासून मी तुम्हाला पत्र लिहीत बसलेय.